जुन्या साड्या, पितळी डबे आणि ऑनलाइन बोली: नाशिककरांसाठी विक्रीची पूर्ण पद्धत

आधीच सांगून टाकते, घरातलं सगळंच लिलावात टाकायचं नसतं. एकाच वस्तूवर डोळा असलेली किमान दोन माणसं एका वेळी ऑनलाइन असतील तरच लिलाव चालतो. गिऱ्हाईक एकच असेल तर तो लिलाव नाहीच, ती बेस प्राइसला, म्हणजे बोली जिथून सुरू होते त्या किमतीला, केलेली विक्री झाली, आणि बेस तर आपण मुद्दाम कमी ठेवलेली असते, म्हणजे खड्डा आपल्यालाच. म्हणून कपाट उघडल्यावर पहिल्यांदा वाटणी करा. रोजचे कुर्ते, लेगिन्स, जीन्स, पोरांचे टीशर्ट, स्टीलचे डबे, मिक्सर, प्लास्टिकच्या खुर्च्या हे सगळं फिक्स किमतीला लावायचं. पोरांचे कपडे तर एकेक विकायच्या भानगडीत पडूच नका, एका वयाचे आठ-दहा एकत्र करून लॉट म्हणून द्या. शाळेचा युनिफॉर्म मे-जूनमध्ये त्याच शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की लगेच कुणीतरी उचलतं, त्याला कसली बोली लावताय. आणि विरलेल्या चादरी, गळ्याला सैल पडलेले टीशर्ट वगैरे मालासाठी बोहारीण आहेच, एखादं पातेलं तरी येतं घरात.

मग लिलावात काय टाकायचं? तर जिची जोड बाजारात सहज मिळत नाही अशी वस्तू. पैठणी, जुनी नऊवारी, इरकल, तांब्या-पितळेची आणि काशाची भांडी, पाणी तापवायचा बंब, घंगाळ, पानाचा डबा, अडकित्ता, लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या, चावी द्यायची एचएमटीची घड्याळं, व्हॉल्व्हचा रेडिओ. या बाबतीत आपल्या नाशिकवाल्यांची चैन आहे, जुन्या गावठाणातले वाडे उतरवून लोक इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये गेले आणि माळ्यावरचं सगळं पोत्यात बांधून सोबत घेऊन गेले, ते पोतं अजून बाल्कनीत तसंच आहे, घरटी एक तरी. पैठणीचं तर येवलं आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे कपाटात खरी हातमागाची निघायचा चान्सही आपल्याकडे जास्त.

कुठे विकायचं हा पुढचा प्रश्न. ईबेचा भारतातल्या भारतात चालणारा धंदा २०१८ मध्ये बंद झाला, तिथून आता परदेशात विकता येतं पण त्यात कस्टम्स, परदेशी पोस्टेज असा व्याप आहे, चार भांड्यांसाठी तो कुणी करू नये असं माझं मत. ओएलएक्सवर घासाघीस होते, बोली नाही. खरी बोली सध्या चालते ती फेसबुकच्या ग्रुपवर, इन्स्टाग्रामच्या थ्रिफ्ट, म्हणजे वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या, पेजवर आणि घड्याळं, भांडी, साड्या जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. विकायच्या आधी काही दिवस तिथे नुसतं बसा. कुठली वस्तू कितीला सुरू झाली हे बघू नका, कितीला सुटली ते वहीत लिहा. वर्तमानपत्रातल्या किंवा कुणाच्या तरी काकूच्या तोंडच्या किमती काही कामाच्या नाहीत, तसल्याच वस्तूला मागच्या महिन्यात कुणीतरी खिशातून काढून दिलेले पैसे हीच किंमत.

आता साफसफाई, इथेच निम्मे लोक माल बिघडवतात. जुनं पितळ दिसलं की आपला हात आपोआप पितांबरीकडे जातो, चिंच नाहीतर लिंबू-मीठ घेऊन आपण घासत सुटतो आणि डबा सोन्यासारखा लखलखीत करतो. पूजेची समई, ताम्हण, तांब्या असेल तर घासा, घेणारा देवघरातच ठेवणार आहे, त्याला चकचकीतच पाहिजे. पण पानाचा डबा, अडकित्ता, जुनं कुलूप, नक्षीचा दिवा असली वस्तू जमवणारा माणूस तिच्यावर चढलेल्या त्या तपकिरी रंगाचे पैसे देतो, तो गेला की वस्तूचं वयच गेलं. तिथे फक्त कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसायची आणि वर्णनात लिहायचं की पॉलिश केलेलं नाही. स्वयंपाकाचं पातेलं असेल तर आत कल्हई आहे की उडालीय तेही सांगा, घेणारा त्यात आमटी करणार असेल तर त्याला आधी कल्हईवाला शोधावा लागणार आहे. लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर वरून पितळेचा मुलामा आणि आत लोखंड आहे. काशाच्या वाटीला बोटाने टिचकी मारली तर नाद लांबतो, पितळेचा पटकन मरतो. कासं पितळेपेक्षा महाग, पण खात्री नसेल तर काशाची म्हणून लिहू नका, टिचकी मारतानाचा व्हिडिओ टाका, जाणकार आवाजावरून स्वतःच ठरवतो.

भांड्यांवरची नावं ही आपल्याकडची खास भानगड आहे. लग्नात आलेल्या प्रत्येक तांब्यावर कुणाचं तरी नाव, गाव आणि तारीख टोचून घातलेली असते. ही तारीख म्हणजे वस्तूच्या वयाचा फुकटातला पुरावा, तिचा जवळून स्वच्छ फोटो टाका, आडनाव मात्र बोटाने झाका किंवा फोटोत पुसून टाका. जमवणाऱ्यांना असं नाव आवडतं. फक्त ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलं भांडं असेल ना, ते पूजेसाठी म्हणून खपत नाही, कितीही घासा. ते लपवून विकू नका, फोटोत दाखवा आणि शोभेची वस्तू म्हणून टाका, नाहीतर पार्सल उघडल्यावर पुढच्याच्या घरात सासूबाई काय म्हणतील ते तुम्हाला फोनवर ऐकायला मिळेल.

साड्यांचं वेगळं. जुनी रेशमी साडी विरते ती घडीवर, वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की त्या रेघेवर सुटायला लागते आणि हातात धरून कळतसुद्धा नाही. पूर्ण उलगडून ट्यूबलाइटसमोर धरा, जिथे उजेड जास्त येतोय तिथे कापड गेलेलं आहे. काखेपाशी, निऱ्यांच्या खालच्या काठाला, पदराच्या टोकाला, खांद्यावर पिन लावतात तिथे, एवढ्या चार जागा बघितल्या की साडीची तब्येत कळते. जरीची तार काळी पडलीय का बघा. डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर काही दिवस सावलीत वाऱ्यावर टाका, उन्हात नाही, रंग उडतो. आणि हे पावसाळ्यात करायला जाऊ नका, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वाळत टाकलेलं काहीच धड वाळत नाही आणि डांबराऐवजी कुबट वास घेऊन साडी घरात येते. घरात वेखंड ठेवत असाल तर त्याचाही वास लागतो, तोही लिहा, काही लोकांना तो आवडतो बरं का.

पैठणी असेल तर एक फोटो बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा, पदर उलटा करून मागच्या बाजूचा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरावरचा मोर, पोपट, कोयरी, जे काय असेल ते मागून पुढून जवळजवळ सारखंच दिसतं, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या आकारातच अडकवून विणलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत मागे धागे लोंबतात नाहीतर कापलेले दिसतात. ज्याला कळतं तो समोरच्या फोटोकडे बघतही नाही, थेट मागचा फोटो मागतो, तर तो आधीच द्या ना. बिल असेल, सिल्क मार्कचं, म्हणजे खऱ्या रेशमाच्या खुणेचं, लेबल असेल तर त्याचाही फोटो, बिलावरचं नाव-पत्ता झाकून. आणि सेमी, म्हणजे पैठणीसारखी दिसणारी पण अस्सल नसलेली, असेल तर सरळ सेमी पैठणी लिहा, सेमीला पण चांगलं गिऱ्हाईक आहे, भजनी मंडळात आणि हळदीकुंकवाला नेसायला लोक तीच शोधतात. रेशीम खरं की खोटं ते बघायला धागा जाळून बघा असं कुणीतरी सांगेल, केसासारखा वास येतो वगैरे, ते ठीक आहे, पण विकायच्या साडीचा धागा कशाला जाळताय.

फोटोला फ्लॅश नको. सकाळी खिडकीपाशी किंवा गॅलरीत सावलीत, मागे साधी पांढरी चादर, बास. फुलाफुलांच्या बेडशीटवर साडी टाकली की साडी कुठे संपते आणि बेडशीट कुठे सुरू होते हेच कळत नाही. एका वस्तूचे सहा-सात फोटो पुरतात, पूर्ण वस्तू, मागची बाजू, तळ, नक्षी जवळून, आणि प्रत्येक डागाचा, भोकाचा, पोच्याचा एकेक वेगळा फोटो शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून म्हणजे केवढा डाग आहे ते कळतं. एका फोटोत वजनकाट्यावर ठेवलेलं भांडं दाखवा. फिल्टर बिल्टर काही लावू नका, रंग फसला की माल परत येतो आणि येण्याजाण्याचं कुरिअर तुमच्या डोक्यावर. कपड्यांचे खिसे, पर्सचे कप्पे, डब्यांचे तळ चाचपून घ्या, जुन्या कोटाच्या खिशात एलआयसीच्या पावत्यांपासून काहीही निघतं.

वर्णनात विशेषणं कमी आणि मापं जास्त. ‘एकदम सुंदर, दुर्मिळ, अँटिक’ वाचून कुणी पन्नास रुपये वाढवत नाही. कुर्ता-ब्लाउज असेल तर नुसतं एम किंवा एल लिहून भागत नाही, प्रत्येक कंपनीचा एम वेगळा, कपडा सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांदा, बाही आणि उंची टेपने मोजून इंचात लिहा. साडीची लांबी, ब्लाउजपीस आहे की कापलाय, फॉल-पिको झालंय का. आणि दोष सगळ्यात वर, तळाला बारीक अक्षरात नाही. हे ऐकायला उलटं वाटतं, पण बोली लावणाऱ्याच्या मनात एकच धाकधूक असते की यात काहीतरी लपवलंय, आणि त्या भीतीपोटी तो आपली किंमत खाली धरतो. दोष आधीच समोर ठेवला की ती भीती जाते आणि माणूस मोकळ्या हाताने वाढवतो. नमुना म्हणून हे बघा:

‘पितळी पानाचा डबा. आतल्या पाच वाट्यांपैकी चार आहेत, एक नाही. झाकणाची बिजागरी ढिली आहे, झाकण नीट बसतं. वजन ८६० ग्रॅम, लांबी १९ सेंमी, रुंदी १२ सेंमी. तळाला नाव आणि १९५८ कोरलेलं आहे. पॉलिश केलेलं नाही. बेस १५००, वाढ कमीत कमी १००. बोली रविवारी रात्री ९.३० ला बंद. शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली तर त्या बोलीपासून आणखी ५ मिनिटं. कुरिअर खर्च वेगळा, नाशिकमध्ये हातोहात देता येईल. बोली फक्त इथेच, मेसेजमध्ये पाठवलेली धरली जाणार नाही.’

यातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे. बेस ठरवताना पितळेचं भांडं आधी वजन करा आणि भांडी बाजारात जाऊन त्या दिवशीचा मोडीचा भाव विचारा, वजन गुणिले भाव ही तुमची जमीन, बेस तिच्या खाली कधीच ठेवायची नाही कारण तेवढे पैसे तर दुकानदार तुम्हाला उभ्या उभ्या देणार आहे. त्याच्या वर किती ठेवायचं हा मात्र स्वभावाचा प्रश्न. बेस कमी ठेवली की पहिल्या दिवशी चार-पाच जण उडी घेतात, आणि एकदा बोली लावली की ती वस्तू आपलीच आहे असं माणसाला वाटायला लागतं, मग दुसऱ्याने पुढे जाऊ नये म्हणून तो शेवटपर्यंत थांबतो. बेस जास्त ठेवली तर सगळे नुसते बघत बसतात. माझं म्हणाल तर मागणी असलेल्या वस्तूला बेस कमी, आणि जिचं गिऱ्हाईक मोजकं आहे तिला, म्हणजे समजा टाइपरायटर, तिला मनातल्या किमतीच्या जवळपास. काही जण राखीव किंमत ठेवतात, म्हणजे बोली तिथपर्यंत गेली नाही तर विकणार नाही. ठेवायची तर ठेवा पण पोस्टमध्ये सांगा की राखीव किंमत आहे, नाहीतर जिंकलेल्याला ‘सॉरी, परवडत नाही’ म्हणालात की तो पुन्हा तुमच्या पोस्टवर फिरकत नाही.

त्या ५ मिनिटांच्या नियमाशिवाय लिलाव लावूच नका. का, तर मुरलेले लोक दिवसभर गप्प बसतात आणि ९.२९ ला येऊन एकदाच शंभर वाढवून वस्तू उचलून नेतात, दुसऱ्याला टाइप करायलाही वेळ मिळत नाही. वेळ पुढे ढकलली की त्यांना खरी लढाई लढावी लागते. समजा ९.२७ ला २२०० आली, तर आता शेवट ९.३२. ९.३१ ला २३०० आली, शेवट ९.३६. असं करत करत दोघांतला एक दमेपर्यंत चालू राहतं, आणि खरे पैसे याच वीस-पंचवीस मिनिटांत मिळतात. ईबेसारख्या साइटवर बोली वाढवायचं काम यंत्र करतं, तुम्ही आपली जास्तीत जास्त रक्कम आधीच भरून ठेवायची आणि समोरच्याच्या एक पायरी पुढे राहण्याइतकीच बोली ते तुमच्या नावाने वाढवत नेतं. आपल्या ग्रुपवर तसलं काही नाही, म्हणून घड्याळ तुम्हालाच सांभाळायचंय, त्या अर्ध्या तासात पोळ्या करायला जाऊ नका.

व्हॉट्सॲपवर आणखी एक गंमत आहे, पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो आणि नंतर डिलीट फॉर एव्हरीवन पण करता येतो. म्हणजे २३०० ची बोली लावून समोरच्याला दमवायचं आणि मग हळूच ती बदलायची. नियमात लिहूनच टाका की एडिट किंवा डिलीट केलेली बोली बाद आणि तो माणूसही त्या लिलावातून बाद, आणि प्रत्येक मोठ्या बोलीचा स्क्रीनशॉट घेत राहा. एकाच मिनिटात दोन सारख्या बोल्या आल्या तर विकणाऱ्याच्या फोनवर आधी दिसली ती खरी, हेही आधीच लिहा, नंतर भांडण होतं आणि ते ग्रुपवर सगळ्यांसमोर होतं.

आणि हो, भाव चढवायला आपल्याच वहिनीला किंवा मैत्रिणीला खोटी बोली लावायला सांगायचं नाही. एक तर ती फसवणूक आहे, आणि दुसरं म्हणजे ऐन वेळी खरा माणूस थांबतो आणि वहिनी जिंकते, मग तोच डबा महिन्याभरात परत लिलावात आला की लोकांना कळायचं ते कळतं. नाशिक काही एवढं मोठं नाही.

कधी लावायचा? बंद होण्याची वेळ रात्री ९ ते १०, जेवणं झालेली असतात, हातात फोन असतो. रविवार बरा. महिन्याचा पहिला आठवडा सगळ्यात चांगला, पगार झालेले असतात, २५ तारखेनंतर त्याच वस्तूला लोक हात आखडतात. भारताची मॅच असेल त्या रात्री नको. समई, ताट, पंचपात्र या वस्तू गणपतीच्या तीन-चार आठवडे आधी, पाठवायला पण वेळ लागतो. पैठण्या, शेले, शालू हे तुळशीचं लग्न जवळ आलं की. आणि पितृपक्षात लिलाव लावायचाच नाही, कुणी मानो न मानो, त्या पंधरवड्यात साडी आणि पूजेच्या भांड्यांवर बोली येत नाही, फोटो काढून आणि मापं लिहून ठेवायला मात्र तो काळ छान.

पैसे घेताना मात्र डोळे उघडे. एवढं एकच पाठ करा की पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही आणि कुठला क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले, संपला विषय. ‘मी सैन्यात आहे, ड्युटीमुळे येता येत नाही, आमचा माणूस गाडी घेऊन येईल, तुम्हाला क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे पेमेंट जमा होईल’ हा प्रकार इतका जुना झालाय तरी रोज कुणीतरी फसतंय, सोबत ओळखपत्राचा फोटो पण पाठवतात. खरा घेणारा वस्तूबद्दल प्रश्न विचारतो, वजन किती, भोक कुठे, फसवणारा एकही प्रश्न न विचारता बेसच्या दुप्पट द्यायला तयार असतो. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे, तो कुणीही बनवतो, आपलं बँकेचं ॲप उघडून रक्कम जमा झालेली बघायची आणि मगच पार्सल बांधायचं. शक्य असेल तर यासाठी वेगळं खातं ठेवा ज्यात फार पैसे नसतात. आणि झालंच काही तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती, जेवढा लवकर फोन जाईल तेवढा पैसे अडवता येण्याचा संभव जास्त.

जुनी नाणी-नोटा निघाल्या आणि कुणी ‘लाखो रुपये देतो, आधी कमिशन आणि टॅक्स भरा’ म्हणालं तर ब्लॉक करा, रिझर्व्ह बँकेच्या नावानेसुद्धा असे फोन येतात आणि बँकेने स्वतः याबद्दल सावध केलेलं आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी आहेत, वाड्यातलं सामान काढणाऱ्यांनी नक्की वाचा. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं, धातूच्या कलावस्तू यांच्यासाठी केंद्राचा १९७२ चा कायदा आहे, त्यातल्या काही प्रकारांची नोंदणी लागते, अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवताच येत नाहीत. देवघरातली जुनी पंचधातूची मूर्ती निघाली तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय फोटोसुद्धा टाकू नका. दुसरं, हस्तिदंताची फणी, बांगड्या, सांबरशिंग, वाघनखाचं लॉकेट, आजोबांचं असलं तरी विकायला बंदी आहे, वन्यजीव कायदा, तोही १९७२ चाच. बाकी घरातले वापरलेले कपडे, फर्निचर, भांडी अधूनमधून विकली तर प्राप्तिकरात ती वैयक्तिक वापराच्या वस्तूंमध्ये धरतात आणि त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण दागिने आणि कलाकृती त्यात येत नाहीत. बाहेरून माल आणून विकायला लागलात तर मात्र तो धंदा झाला, मग सीएला विचारा.

पॅकिंगला आपल्याकडे बॉक्स विकत घ्यायची गरजच नाही. द्राक्षांच्या सीझनमध्ये फेब्रुवारी-मार्चला पुठ्ठ्याचे बॉक्स कुठेही मिळतात, फक्त त्यांना हवेसाठी भोकं असतात ती आतून पुठ्ठा लावून बंद करा आणि आत रस सांडलेला नाही ना ते बघा, मुंग्या लागतात. औषध फवारणीच्या मालाचे खोके कपड्यांसाठी चुकूनही नको, तो वास जात नाही. रेशमी साडीला वर्तमानपत्र लावायचं नाही, शाई उतरते, जुन्या धुतलेल्या धोतराचं किंवा मलमलचं कापड घ्या, वर प्लास्टिक, मग कुरिअरची पिशवी. बरणीचं झाकण वेगळं गुंडाळा, बरणीच्या आत कागद ठासून भरा, बॉक्स बंद केल्यावर हलवून बघा, आत काही सरकल्याचा आवाज आला तर परत उघडा. बांधतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवा आणि घेणाऱ्यालाही आधीच सांगा की उघडतानाचा व्हिडिओ असेल तरच तुटल्याची तक्रार घेतली जाईल.

कुरिअरचा हिशोब लोकांना कळत नाही आणि मग नफा तिथेच जातो. हलकी पण मोठी वस्तू असेल तर कुरिअरवाले वजन नाही, आकार मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. आता समजा एक घंगाळ आहे, प्रत्यक्षात ४ किलो भरतं, पण त्याचा बॉक्स झाला ४५ बाय ४५ बाय ३०. गुणाकार ६०,७५०, भागिले ५०००, म्हणजे १२ किलोच्या वर, आणि पैसे त्याचेच लागणार, ४ किलोचे नाही. म्हणून अशा वस्तूचा बॉक्स आधी तयार करा, मोजा, कुरिअरवाल्याला विचारा आणि मुंबई-पुण्याचा खर्च पोस्टमध्येच लिहा. घंगाळाच्या आत त्याच माणसाने घेतलेली लहान भांडी बसवा, आकार तेवढाच राहतो. महाग साडी पोस्टाने पाठवताना पार्सल इन्शुअर करून घेता येतं, काउंटरवर विचारा. बंब, पाटा-वरवंटा, जातं हे पाठवायच्या नादाला लागू नका, ‘फक्त नाशिकमधून घेऊन जाणे’ लिहा. हातोहात द्यायचं असेल तर लहान वस्तूला सीबीएस, कॉलेज रोड, सिटी सेंटर मॉल असं गर्दीचं ठिकाण सांगा. जड वस्तूला माणूस घरी येणारच, तेव्हा घरात दुसरं कुणीतरी असू द्या आणि वस्तू आधीच पार्किंगमध्ये आणून ठेवा, सगळं घर दाखवायची गरज नाही.

जिंकलेला माणूस गायब होणं हे तर चालूच असतं. पैशाला २४ तास द्या, एक आठवण करा, नाही आले तर दुसऱ्या नंबरच्या माणसाला विचारा, पण त्याला त्याने स्वतः लावलेल्या शेवटच्या बोलीला द्या, गायब झालेल्याच्या रकमेला नाही, तो का म्हणून देईल. दोघांनीही नाही म्हटलं तर वस्तू लगेच परत टाकू नका. पाच-सहा आठवडे जाऊ द्या, फोटो नवीन काढा, पहिला फोटो वेगळ्या बाजूचा ठेवा, बेस थोडी उतरवा. जुनेच फोटो परत दिसले की लोकांना वाटतं यात काहीतरी खोट आहे म्हणून परत आलं. दुसऱ्यांदाही बोली लागली नाही तर ती वस्तू लिलावाची नाहीच, फिक्स किंमत लावा, खाली ‘योग्य ऑफर चालेल’ लिहा आणि राहू द्या तशीच पोस्ट, कधीतरी एखादा नेमकं तेच शोधत येतो.